पाते वाढते बुडातून

ज्वारीच्या किंवा मक्याच्या पोंग्यातून नुकत्याच डोकावणाऱ्या पानावर शाईचा एक ठिपका द्या आणि चार दिवसांनी पाहा. ठिपका वर गेलेला असतो, पण ठिपक्यापासून टोकापर्यंतचे अंतर होते तेवढेच राहते. जे वाढले ते ठिपक्याच्या खाली. हरळीपासून उसापर्यंत गवताच्या साऱ्या कुळाची हीच रीत आहे. पाते टोकाला वाढत नाही, बुडाशी वाढते. टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. ऊस लावणाऱ्याला याचा पुरावा शोधत जावे लागत नाही. खोडकिडीने कोंबाचे बूड पोखरले की वरचा पोंगा, त्याला कोणी हातही लावलेला नसताना, वाळून जातो आणि ओढला तर अलगद हातात येतो. पोंगेमर म्हणतात ती हीच.

या पुस्तकाचा विषय त्या बुडापाशी सुरू होतो. चराऊ आणि वैरणीच्या गवतांची पाने प्रकाशाने आणि तापमानाने कशी वाढतात, किती वाढतात आणि कधी थांबतात, एवढाच प्रश्न. ऐकायला तो लहान वाटतो. पण धान्याच्या पिकात पान हे साधन असते आणि दाणा हे उत्पन्न. वैरणीच्या पिकात साधन हेच उत्पन्न. ज्या पानाने उद्याचे पान तयार करायचे तेच आज आपण कापून गव्हाणीत टाकतो. वैरण पिकवण्यातली सगळी कला आणि सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. किती पान घ्यायचे आणि किती ठेवायचे हे ठरवायला पान कशाने वाढते हे कळावे लागते. बियाणे, खत आणि पाणी यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पानाविषयी फार थोडे.

वाढीचा भाग बुडाशी ठेवला म्हणूनच गवत चरण्याला पुरून उरले. आंब्याच्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला की बाजूचा डोळा फुटेपर्यंत झाडाची वाढ अडते. गवताचे पाते गायीने वरून ओरबाडले तरी उरलेले पाते खालून वर सरकत राहते. हा वाढीचा पट्टा काही सेंटिमीटरांचाच असतो. त्याच्या तळाशी पेशी विभागतात, जरा वर त्या लांबतात आणि त्याहून वर आल्या की पक्क्या होतात. हे सारे जुन्या पानांच्या आवरणांआड, अंधारात चालते. पात्याचा जो भाग उजेडात येतो, त्याची लांबी वाढून झालेली असते. म्हणजे पान उजेडासाठी असले तरी ते घडते अंधारात, आणि घडताना त्याला उजेडाइतकीच, किंबहुना आधी, उबेची गरज असते.

ही ऊब कुठली? हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पेटीत, सावलीत असतो. गवताचा वाढीचा पट्टा जमिनीला टेकलेला असतो. इंग्लंडमधल्या हर्ली येथे गवताळ जमिनींवर संशोधन करणारी संस्था होती. तिथे जे. एम. पीकॉक यांनी १९७०च्या दशकात बारमाही रायग्रास या चराऊ गवतावर याचा छडा लावला. पानाच्या उजेडातल्या भागाचे तापमान बदलून पाहिले, तर पान लांबण्याच्या वेगात फरक पडला नाही. बुडाचे तापमान बदलले, की वेग बदलला. हवा किती तापली आहे याला पात्याच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व. बूड ज्या मातीत आहे तिच्या वरच्या दोन-चार सेंटिमीटरांत काय चालले आहे ते खरे. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत संध्याकाळी विहिरीचे पाणी देण्याची पद्धत आहे. ते पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती कोरड्या मातीइतकी झटकन थंड होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या पद्धतीचे कारण याच बुडाच्या उबेत आहे.

पीकॉक यांच्या मापनांत आणखी एक गोष्ट निघाली, तिच्याकडे वाचकाने लक्ष द्यावे. तापमान तेच असताना वसंतातले रायग्रास शरदातल्या रायग्रासपेक्षा खूप वेगाने लांबते. हिवाळा सोसल्यावर रोप फुलोऱ्याकडे वळते आणि त्या वळणावर त्याचे पानही जोमाने धावते. म्हणून निव्वळ तापमापक पाहून गवताचा अंदाज बांधता येत नाही. ते गवत वर्षाच्या कुठल्या टप्प्यावर आहे हेही पाहावे लागते.

वनस्पतीची वाढ दिवसांनी न मोजता उष्णतेच्या बेरजेने मोजावी, ही कल्पना फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये मांडली. रोजचे सरासरी तापमान घ्यायचे आणि बेरीज करत जायचे. रायग्रासच्या बाबतीत शून्य अंशापासून मोजलेले सुमारे ११० अंश-दिवस जमले की एका फुटव्यावर एक नवे पान येते. सरासरी १० अंशांच्या हवामानात नव्या पानाला अकरा दिवस लागतात, १५ अंशांत आठवडाभर, ५ अंशांत तीन आठवडे. आणि या गवताच्या फुटव्यावर जिवंत पाने एका वेळी तीनच टिकतात. चौथे आले की पहिले पिवळे पडू लागते. न्यूझीलंडमधले आणि ऑस्ट्रेलियातले दूधउत्पादक गायी कुरणात सोडण्याआधी पाने मोजतात ती यामुळे. दोन पाने पूर्ण होऊन तिसरे येत असताना किंवा तिसरे पूर्ण झाल्यावर चरवले तर रोपाने बुडात पुरेशी साखर साठवलेली असते आणि गुरांनाही मरू लागलेले पान मिळत नाही. त्याआधी चरवले तर रोप खंगते. त्यानंतर चरवले तर जे पान आपण राखून ठेवले असे वाटते ते खरे तर मातीला गेलेले असते. नेदरलँड्समध्ये १ जानेवारीपासून रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज २०० झाली की गवताला पहिले नत्र द्यावे, असा ठोकताळा निघाला आणि तो ब्रिटनमध्येही रुजला. पंचांगातल्या तारखेपेक्षा हा हिशेब गवताच्या जवळचा आहे. मला स्वतःला या साऱ्या अभ्यासात सर्वांत कामाची वाटते ती ही पान मोजण्याची रीत. ती शिकायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता प्रकाशाकडे येऊ. नवे पान किती दिवसांनी निघणार यावर प्रकाशाचा परिणाम फार थोडा असतो. प्रकाशाचे काम दुसरे: निघालेल्या पानात काय भरायचे आणि रोपावर फुटवे किती धरायचे हे तो ठरवतो. कमी उजेडात वाढलेले पाते बरेचदा जास्त लांब असते, पण पातळ, पाणीदार आणि हलके. भरपूर उजेडातले पाते आखूड, जाड, वजनदार. बांधावर उभे राहून उंचीवरून वैरणीचा अंदाज घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच. उंची ही बऱ्याच अंशी तापमानाची करणी आहे आणि वजन ही प्रकाशाची.

एकेका पानाचा विचार सोडून साऱ्या शेताचा विचार केला की मोजायची गोष्ट बदलते. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड प्रयोग केंद्राच्या डी. जे. वॉटसन यांनी १९४७ मध्ये एक साधे माप दिले: एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पान आहे. याला पर्णक्षेत्र निर्देशांक म्हणतात. १९५३ मध्ये जपानमध्ये मोन्सी आणि साएकी यांनी पानांच्या थरांतून खाली उतरताना प्रकाश कोणत्या नियमाने घटत जातो ते गणिताने मांडले. पाने आडवी पसरलेली असतील तर वरचा थरच बहुतेक प्रकाश अडवतो. ती उभी असतील तर प्रकाश खोलवर उतरतो आणि जास्त पानांत वाटला जातो. गवताची उभी पाती आणि लसूणघासाची आडवी पाने शेजारी ठेवून पाहिली की हा फरक डोळ्यांनाही दिसतो.

या सगळ्याचा थेट वापर कुरणात केला तो न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आर. डब्ल्यू. ब्रॉम यांनी. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात रायग्रास आणि क्लोव्हरचे कुरण एक, तीन आणि पाच इंचांवर कापले होते. पडणाऱ्या प्रकाशापैकी ९५ टक्के प्रकाश पानांनी अडवायला लागण्याच्या क्षणापासून कुरण आपल्या पूर्ण वेगाने वाढते. पाच इंचांवर कापलेल्या तुकड्याने हा टप्पा आठवड्याच्या आत गाठला. एका इंचावर कापलेल्याला तीन आठवड्यांहून अधिक वेळ लागला. या तीन आठवड्यांतले बरेच ऊन उघड्या मातीवर पडले आणि वाया गेले. कुरणशास्त्रात यानंतर पुष्कळ सुधारणा आणि दुरुस्त्या झाल्या. दाट कुरणात वरची पाने जगतात तेव्हा खालची मरत असतात, म्हणून जास्तीत जास्त वाढ आणि जास्तीत जास्त हाती लागणारा चारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या दशकांत स्पष्ट झाले. तरी ब्रॉम यांच्या तीन तुकड्यांइतका स्वच्छ धडा या विषयात दुसरा नाही. माझ्या मते वैरणीचे प्रत्येक प्रशिक्षण त्यांच्यापासून सुरू व्हावे.

प्रकाशाचे प्रमाण जसे महत्त्वाचे तसा त्याचा रंगही. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश सोडून देते. त्यामुळे दाट गवताच्या बुडाशी पोचणाऱ्या उजेडात लाल कमी आणि अतिलाल जास्त असतो. रोपातले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे प्रमाण ओळखते आणि रोप त्यातून एक अर्थ काढते: शेजारी गर्दी आहे. मग ते नवे फुटवे धरणे थांबवते आणि असलेली पाने उंच नेते. १९८५ मध्ये अर्जेंटिनाच्या संशोधकांनी तिथल्या ओलसर नैसर्गिक कुरणात याची सुंदर परीक्षा घेतली. डेरेगिबस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या गवताच्या बुडाशी लाल प्रकाश देणारे छोटे दिवे लावले. अन्न तयार होण्याच्या दृष्टीने तो प्रकाश नगण्य होता. तरीही फुटवे वाढले. गवताच्या बुडापर्यंत उजेड पोचणे ही नुसती अन्नाची बाब नाही, तो एक संदेश आहे, हे त्यातून सिद्ध झाले. वेळेवर कापलेल्या गवताचा ठोंब दाट होतो आणि कापायचा राहून गेलेला ठोंब उंच, विरळ आणि काडीसारखा होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक वैरण पिकवणाऱ्याने पाहिलेले आहे. त्यामागचे हे कारण.

आता दोन्ही एकत्र ठेवू. प्रकाश ही रोपाची कमाई आहे आणि तापमान हा त्याच्या खर्चाचा वेग. उजेडातल्या पानात साखर तयार होते. बुडाच्या अंधारात ती खर्च होऊन नवे पान घडते. कमाई आणि खर्च यांचा मेळ बसला तर गवत वाढतेही आणि भरतेही. मेळ बिघडला की काय होते, ते प्रत्येक हवामानात वेगळे दिसते. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्ये वनस्पती पैदास केंद्र स्थापन झाले. तिथले जे. पी. कूपर आणि त्यांच्याबरोबर एन. एम. टेन्टन यांनी १९६८ मध्ये समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशांतल्या गवतांच्या प्रकाश-तापमानाच्या गरजांचा एक समग्र आढावा लिहिला. आजही या विषयाचा पाया म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्यातली मुख्य विभागणी अशी की समशीतोष्ण गवते २० ते २५ अंशांना सर्वांत चांगली वाढतात आणि उष्ण प्रदेशांतली ३० ते ३५ अंशांना. पहिली पाच अंशांनाही हळूहळू पान काढत राहतात. दुसरी १५ अंशांखाली जवळजवळ थिजतात.

या दोन गटांत फरक का पडतो याचे उत्तर त्याच सुमारास उसाच्या पानात सापडत होते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन येथे, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये दाखवले, की ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनांच्या संयुगात धरतो आणि मग पानाच्या आतल्या, शिरांभोवती माळेसारख्या रचलेल्या पेशींत नेऊन सोडतो. तिथे तो दाटीने जमतो. गहू, भात, ओट आणि रायग्रास यांच्यात अशी सोय नाही. तापमान चढत जाते तसे त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडला जाण्याचे प्रमाण वाढते आणि तयार झालेल्या अन्नातला वाटा पुन्हा हवेत जातो. उसात ही गळती जवळजवळ बंद होते. शिवाय गव्हाचे किंवा रायग्रासचे एकटे पान भर उन्हाच्या निम्म्या प्रकाशालाच तृप्त होते, तर उसाचे पान भर दुपारच्या उन्हातही आणखी प्रकाश घ्यायला तयार असते. ज्वारी, बाजरी, मका, हत्ती गवत, गिन्नी गवत, मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी, हरळी ही सारी उसाच्या बाजूची. म्हणजे दख्खनच्या माळावर आणि आपल्या शेतात उभे असलेले जवळजवळ सगळे गवत ऊन आणि उष्णता यांसाठी घडलेले आहे.

असे असूनही आपल्याकडे हिरव्या चाऱ्याची टंचाई वर्षातून दोनदा होते, आणि त्यातली एकच पाण्यामुळे होते. हे नीट समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढची सगळी प्रकरणे याच्यावर उभी आहेत.

वेल्समध्ये उजेड आणि ऊब साधारण हातात हात घालून येतात. तिथे जूनमध्ये दिवस जवळपास सतरा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासांहूनही लहान. उन्हाळ्यात दोन्ही भरपूर, हिवाळ्यात दोन्हींची वानवा. माती तापायला वेळ लागत असल्याने ऊब उजेडाच्या मागून येते इतकेच. पुण्यात किंवा राहुरीत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपल्याकडे प्रकाश घटतो तो दिवस लहान झाल्याने नव्हे, तर आषाढ-श्रावणात ढग दाटल्याने. आणि ऊब घटते ती नेमकी आकाश निरभ्र असताना, मार्गशीर्ष-पौषात. आपल्या वर्षात उजेड आणि ऊब यांची जोडी अशी दोनदा फुटते. तिसऱ्यांदा, चैत्र-वैशाखात, दोन्ही उदंड असतात पण पाणी नसते. पाण्याचा प्रश्न सर्वांना दिसतो. पहिले दोन दिसत नाहीत.

पौषातला संकरित नेपियर घ्या. बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकरातून आलेले हे गवत आज पश्चिम महाराष्ट्राच्या दूधधंद्याचा कणा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत हे वाण त्यातलेच. पावसाळ्यात दीड महिन्यात कापणीला येणारा ठोंब डिसेंबर-जानेवारीत जागचा हलत नाही. ऊन लख्ख असते, पाटाला पाणी असते, खत दिलेले असते. निफाडसारख्या ठिकाणी तर किमान तापमान एक आकडी होते. अशा रोपात काय चालते ते फ्लोरिडातल्या हिलियर्ड आणि वेस्ट यांनी १९७० मध्ये पँगोला या उष्ण प्रदेशातल्या गवतावर पाहिले. रात्र ३० अंशांची असेल तर दिवसभर पानात साठलेला स्टार्च सकाळपर्यंत बुडाकडे निघून जातो. रात्र १० अंशांची असेल तर तो पानातच अडकून राहतो आणि दुसऱ्या दिवशीची कमाई ठेवायलाही जागा उरत नाही. कमाई होते, पण खर्च होत नाही. अशा रोपाला आणखी युरिया देणे म्हणजे थांबलेल्या खर्चावर आणखी पैसा ओतणे. माघ सरेपर्यंत त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

श्रावणात हिशेब उलटा होतो. हवा उबदार, माती ओली, रात्री गार नाहीत. पान निघण्याचा वेग उत्तम. पण ढगांमुळे कमाई थोडी. मग पाने लांब, लुसलुशीत आणि पाण्याने भरलेली निघतात. घमेलेभर वैरणीत सुका अंश किती थोडा असतो हे तराजू सांगत नाही; गायीचे शेण सांगते. याच दिवसांत एक खरा धोकाही असतो. मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचे प्रथिनात रूपांतर करायला पानाला उजेड लागतो. भरपूर युरिया दिलेल्या गवतावर ढगाळ दिवसांची रांग लागली की नायट्रेट पानात आणि त्याहून अधिक खोडात साचत जाते, आणि अशी वैरण भुकेल्या जनावराने पोटभर खाल्ली तर ते दगावू शकते. कोवळ्या ज्वारीने लागणारी किराळ वेगळी. तिचे विष वेगळे आणि कारण वेगळे. पण पशुपालक दोन्हींना एकाच नावाने ओळखतो आणि ढगांचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही. ढगाळ आठवड्यात नत्राचा हप्ता पुढे ढकलणे आणि बुडाची काडी वर ठेवून कापणे, एवढ्याने बराच धोका टळतो.

ढग विरळ होऊन ऊन परतते ते भाद्रपद-आश्विनात. माती अजून ओली, रात्री उबदार, आकाश मोकळे. वर्षातला हाच एक काळ असा की कमाई आणि खर्च दोन्ही पूर्ण वेगाने चालतात. दख्खनच्या कुरणांचे दुर्दैव असे की तेव्हाच दिवस लहान होऊ लागतात आणि कुसळीसारखी गवते त्या इशाऱ्यावर पान सोडून फुलोऱ्याकडे जातात. मग काडी कडक होते, प्रथिने घटतात, आणि आपण कुरण कापायला जातो ते दिवाळी उलटल्यावर, कुसळे गळून काडी पिवळी पडल्यावर. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवत-आच्छादनाची जी पाच प्रकारांत विभागणी केली, तीत आपला बहुतेक माळ शेडा आणि मारवेल यांच्या गटात येतो. म्हणजे मुळात उत्तम चाऱ्याच्या गटात. हा चारा फुलोऱ्यावर येताच कापला तर त्याची गंजी आणि आज आपण रचतो ती गंजी यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडेल. पावसाची सर येईल, गवत भिजेल, या भीतीने थांबणे समजण्यासारखे आहे. पण भीतीची किंमत किती मोजतो हे तरी माहीत असावे.

उष्णतेची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या गवतांच्या विरोधात जाते. तापमान जास्त असते तेव्हा पान लवकर निघते, लवकर म्हातारे होते आणि त्याच्या पेशींच्या भिंती लवकर कठीण होतात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या डाइनुम यांनी १९६०च्या दशकापासून हे सातत्याने मोजले. म्हणून उष्ण प्रदेशातले गवत वजनाला भरघोस आणि पचायला जड. ते कापायला दहा दिवस उशीर झाला तर वेल्समधल्या गवतापेक्षा आपले नुकसान जास्त होते. संकरित नेपियर पहिल्या कापणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापा, जमिनीपासून वीतभर बूड राखा, हा सल्ला कृषी विद्यापीठे देत आली आहेत. या पुस्तकाने त्या सल्ल्यामागचे शास्त्र समोर ठेवले, तर तो पाळण्याचे कारण वाचकाला मिळेल. राखलेल्या त्या वीतभर बुडात साठवलेली साखर आहे, पुढच्या फुटव्यांचे डोळे आहेत आणि मातीवर थोडी सावली आहे. खुरप्याने जमिनीसरसे कापणारा माणूस थोडी वैरण जास्त नेतो आणि पुढची कापणी मागे ढकलतो.

सावलीबद्दल थोडे. कोकणातल्या नारळी बागांत गिन्नी गवत बरे येते, नेपियर तितकेसे येत नाही. गिन्नीचे पान कमी उजेडात अधिक रुंद पसरते आणि थोड्या कमाईत भागवते. झाडांखालचा उजेड नुसता कमी नसतो, त्यातला लाल भागही झाडाच्या पानांनी आधीच काढून घेतलेला असतो, म्हणून तिथे कुठलेही गवत फुटवे थोडे धरते. बागेत गवत लावताना ठोंब जवळ लावावेत हे यातून सहज निघते. याचा सविस्तर विचार पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आहे.

आणि हिवाळ्याचे काय? त्याचे उत्तर नेपियरकडे नाही, ओटकडे आणि लसूणघासाकडे आहे. ओट रायग्रासच्या बाजूचे पीक. त्याला आपल्या पौषातले लख्ख ऊन आणि थंड रात्री दोन्ही मानवतात. युरोपातल्या हिवाळ्यात जो उजेड त्याला मिळत नाही तो इथे फुकट मिळतो. समशीतोष्ण गवतासाठी दख्खनचा हिवाळा हा एक उत्तम वसंत आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोड्या गुंठ्यांवर ओट पेरला आणि आश्विनातला जास्तीचा नेपियर किंवा मका मूरघासात घातला, तर जानेवारीची टंचाई टळते. झाशीची भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था १९६२ पासून आणि उरुळीकांचनची बाएफ ही संस्था १९६७ पासून वैरणीचे काम करत आहेत. वर्षभर हिरवा चारा हवा तर पिके जोडून घ्यावी लागतात, हा त्यांच्याही सांगण्याचा गाभा आहे.

रायग्रासच्या पानाची जितकी मापे घेतली गेली तितकी मारवेलची, शेड्याची, पवन्याची घेतली गेलेली नाहीत. ११० अंश-दिवसांना एक पान हा आकडा समशीतोष्ण हवामानातल्या रायग्रासचा आहे. तो उचलून सासवडच्या माळावर लावता येणार नाही. आपल्या गवतांची बेरीज शून्य अंशापासून सुरू करता येत नाही, त्यांच्या फुटव्यावर टिकणाऱ्या पानांची संख्या वेगळी आहे, आणि पाण्याचा ताण हा त्यांच्या हिशेबातला कायमचा तिसरा घटक आहे. हे आकडे आपणच काढले पाहिजेत. कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी यावर प्रबंध लिहावेत असे मला मनापासून वाटते, आणि पशुपालकांनी त्यांची वाट पाहत बसू नये असेही वाटते. वीस फुटव्यांना रंगीत दोरे बांधा. दर चौथ्या दिवशी नवी पाने मोजा. मातीत दोन बोटे खोल तापमापक खोचून सकाळ-दुपार नोंद करा, आणि शेजारी आकाश ढगाळ होते की मोकळे तेवढे लिहा. एका वर्षाची अशी वही तुमच्या शेताबद्दल जे सांगेल ते या पुस्तकातले कुठलेही कोष्टक सांगू शकणार नाही. पहिले प्रकरण उघडण्याआधी ती वही सुरू करा.